उतरायचा सराव : यवतेश्वर घाटासाठी बारा आठवडे

९ जून

नोंदणी कधीचीच झाली आहे, सराव आजपासून. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला बरोबर बारा आठवडे उरलेत. कामावर प्रत्येक लिफ्टचं सर्व्हिस कार्ड भरतो, तसंच या वेळी स्वतःचं भरायचं ठरवलंय. मशीन : वय ४४, वजन ७८ किलो, मुक्काम घोडबंदर रोड, ठाणे. तक्रार : उतारावर बंद पडतं.

गेल्या वर्षीचा हिशेब आधी मांडतो, म्हणजे नंतर सोयीने बदलता येणार नाही. ही शर्यत सातारा शहरातून निघते, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागते आणि वर वळसा घालून त्याच वाटेने परत येते. एकूण २१.१ किलोमीटर. वळणापर्यंत मी १ तास १६ मिनिटांत पोचलो होतो. एवढा खूश की मागून चढत येणाऱ्या अनोळखी माणसांनाही हात करत होतो. पंधराव्या किलोमीटरला मांड्या थरथरायला लागल्या. सतराव्याला उजव्या मांडीत असा गोळा आला की रस्त्याकडेच्या कठड्याला धरून उभा राहिलो. टाळ्या वाजवायला आलेल्या एक आजी म्हणाल्या, "बस की बाळा वाईच. कोण पळवतंय तुला?" उत्तर नव्हतं.

परतीला १ तास ४२ मिनिटं. चढायला लागली त्यापेक्षा उतरायला २६ मिनिटं जास्त! एकूण २:५८. दुसऱ्या दिवशी घरचा जिना उलटा उतरलो, कठडा दोन्ही हातांनी धरून, रांगत्या पोरासारखा.

यंदाचं काम : अडीच तासांच्या आत.

१६ जून

गेल्या वर्षी चूक कुठे झाली ते या आठवड्यात सापडलं, तेही मशीन रूममध्ये.

आमच्याकडे मेंटेनन्सला असलेला एक बावीस मजली टॉवर आहे. गेल्या पावसाळ्यात मी तिथेच जिन्याचा सराव करायचो. एक मजला साधारण तीन मीटर, म्हणजे बावीस मजल्यांचे ६६ मीटर. सहा फेऱ्यांत चारशेच्या जवळपास चढ. डोंगर नाही तर टॉवर, घोडबंदर रोडला काय कमी आहेत? फक्त प्रत्येक वेळी वर पोचलो की खाली लिफ्टने यायचो. गुडघे वाचवायला. पुन्हा लिफ्टवाल्याने लिफ्ट वापरायची नाही तर कोणी?

म्हणजे अख्खा पावसाळा चढायचा सराव केला आणि उतरायचा शून्य.

मंगळवारी नवीन पोराला काउंटरवेट समजावत होतो. लोकांना वाटतं लिफ्ट वर जाताना मोटरला जोर लागतो आणि खाली येताना ती आपोआप येते. तसं नसतं. दोरांच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट असतं. केबिनचं स्वतःचं वजन अधिक ती जेवढा भार उचलू शकते त्याच्या निम्म्याच्या आसपास, एवढं ते जड. त्यामुळे केबिन रिकामी असेल तेव्हा काउंटरवेटच भारी ठरतं, आणि रिकामी केबिन खाली आणायलाच मोटरला जोर करावा लागतो. पोरगं म्हणालं, "म्हणजे खाली यायला पण मेहनत?" मी हो म्हणालो आणि स्वतःच गप्प झालो.

मांडीचंही तसंच आहे. चढताना पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना अंगाचा भार रोखून धरतो, प्रत्येक पावलाला. ब्रेक दाबून गाडी उतरवण्यासारखं. अशा ताणाने स्नायूंचे तंतू सूक्ष्म पातळीवर फाटतात, आणि ते दुखणं लगेच नाही, एक ते तीन दिवसांनी वर येतं. दम लागत नाही म्हणून आपल्याला वाटतं, आराम चाललाय.

या वर्षी उलटं करायचं. लिफ्टने वर, पायाने खाली.

२२ जून

पहिला उतार. बावीस मजले, तीन वेळा. पळत नाही, नुसता चालत, पण प्रत्येक पायरीवर मनात दोन आकडे मोजत. तिसऱ्या फेरीत सातव्या मजल्यावर गुडघे लटलटायला लागले. वॉचमनने विचारलं, "लिफ्ट बंद पडली का साहेब?" म्हटलं, चालू आहे. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

२४ जून

कमोडवर बसता येत नाही. बसलो तर उठता येत नाही.

३० जून

येऊर. आमच्या ग्रुपचे सहा जण, उपवन तलावापाशी जमलो. पूर्ण उजाडल्याशिवाय नाक्याच्या पुढे जायचं नाही हा आमचा नियम. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे हा, बिबट्याचं घर. आपण पाहुणे, पाहुण्याने वेळ पाळावी.

वर जाताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. जो 'हं' 'हं' करायला लागला त्याने चालायचं. मला सवय नाही, चढ दिसला की मी बोकडासारखा सुटतो. दोनदा ओरडा खाल्ला. खाली येताना मात्र सगळे पुढे निघून गेले आणि मी वळणावळणावर ब्रेक मारत एकटा. पावसाने रस्त्याच्या कडा शेवाळल्यात. मधोमध पळायचं तर रिक्षा आणि दुधाच्या बाईक. दोन फेऱ्या, एकूण ११ किलोमीटर.

७ जुलै

आजची नोंद मोठी आहे कारण आज शिकवणी झाली.

ग्रुपमधले काका ६१ वर्षांचे. बँकेतून निवृत्त, पायाच्या काड्या, आणि उतारावर आमच्यातला एकही त्यांना गाठू शकत नाही. आज ते मुद्दाम माझ्या मागे पळाले. अर्धा किलोमीटर झाल्यावर म्हणाले, "तू पळत नाहीयेस, तू थांबतोयस. दर पावलाला एकदा थांबतोयस."

खरंच. उताराची भीती वाटते म्हणून मी मागे रेलतो. मागे रेललो की पाय पुढे लांब पडतो, टाच आपटते, गुडघा सरळ राहतो, आणि सगळा दणका मांडीत आणि कंबरेत. काकांनी सांगितलं ते असं : छाती उताराबरोबर खाली न्यायची, पण वाकायचं घोट्यातून, कंबरेतून नाही. पावलं लहान आणि भरभर. पाय शरीराच्या खालीच पडला पाहिजे. हात जरा फाकलेले, तोल सावरायला, दिसू दे वेडं. नजर पायाजवळ नको, दहा-बारा पावलं पुढे.

"खाली अंडी पसरलीत असं समज. आवाज नाही झाला पाहिजे."

मी माझ्या पावलांचा आवाज ऐकला. फरशीवर ओला टॉवेल आपटावा तसा. काकांचा आवाज नुसती टिपटिप. पायथ्यापाशी आल्यावर पावलं मोजली : माझी मिनिटाला १५८, त्यांची १८४. तिसऱ्या फेरीत मी १७० पर्यंत गेलो आणि पहिल्यांदा उतारावर मजा आली. साधारण चाळीस सेकंद. मग शेवाळ, मग पुन्हा टाच.

वर एका मावशींकडून शेवटची करवंदं घेतली. पावसाने बेचव झालेली, तरी सगळी संपवली.

१४ जुलै

पळणं शून्य. तीन दिवस धो धो. लोकांना पावसात भजी आठवतात, आम्हाला लिफ्टचे पिट, म्हणजे केबिनखालचे तळाचे खड्डे. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं की पहिलं जातं ते पिटमध्ये, मग सेन्सर, मग फोन. बुधवारी एका दिवसात सात कॉल. एका सोसायटीत सेक्रेटरी म्हणाले, "आजच्या आज चालू करा, अकराव्या मजल्यावर आजोबा अडकलेत." आजोबा अडकले नव्हते, घरात होते, त्यांना पत्ते खेळायला खाली यायचं होतं. पिटमधलं पाणी उपसून, सगळं सुकवून संध्याकाळी लिफ्ट सोडली. चार-पाच वेळा जिना चढलो-उतरलो, बॅगेसकट. तो सराव धरायचा का? धरतो.

२१ जुलै

उजव्या अंगठ्याचं नख काळं-निळं. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि नख टोकाला आपटत राहतं. बूट अर्धा नंबर मोठे घेतलेत तरी. उपाय लेसमध्ये निघाला : बुटाच्या अगदी वरचं जे जादा भोक असतं (मी आजवर समजत होतो ते शोभेला आहे), त्यातून लेस त्याच बाजूला परत आत घालून एक छोटा फास करायचा, मग समोरची लेस त्या फासातून ओवून खेचायची. टाच मागे घट्ट बसते, पाय पुढे घसरत नाही.

पण चढताना हाच फास पायाच्या वरच्या भागावर काचतो. चार किलोमीटरवर माझी बोटं बधिर झाली. म्हणजे चढाला सैल, उताराला घट्ट. शर्यतीत वळणावर थांबून बांधायची. वीस सेकंदांचं काम, असं आज तरी वाटतंय.

२८ जुलै

बेलापूरच्या मंडळींबरोबर. पाम बीच रोडवर १० किलोमीटर सपाट, मग पारसिक हिलच्या चार फेऱ्या. दमून उतरायचा सराव, हा आजचा विषय. ताज्या पायांनी कोणीही नीट उतरतो, यवतेश्वरला उतार येतो तेव्हा दहा किलोमीटरचा चढ अंगात भिनलेला असतो. वरून खाडी दिसते म्हणतात. मला समोरच्याची पाठ दिसली.

तिसऱ्या उताराला मांडी थरथरली, पण गोळा आला नाही. मीठ-साखर-लिंबूपाणी अर्ध्या तासाने, तहान लागो न लागो, असं चाललंय.

४ ऑगस्ट

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय. एका क्लिनिकमध्ये गेलो. आत जाऊन बाहेर यायला चार मिनिटं, त्यातलं निम्मं पैसे देण्यात. निदान : "या वयात कशाला पळता?" गुडघ्याला हात लावला नाही. मग ग्रुपमधल्या फिजिओ ताईने हात लावला, एका पायावर अर्धं बसायला सांगितलं आणि दाखवलं की माझा गुडघा आत वळतोय. नितंबाचे स्नायू ढिले. रोज पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळू जमिनीला टेकवायची, आरशासमोर, पंधरा-पंधराचे तीन सेट. या आठवड्यात डोंगर बंद.

मुलगी आरशामागून रोज आकडे चुकीचे मोजते. बारा, तेरा, अकरा.

११ ऑगस्ट

दुखणं ऐंशी टक्के गेलं. येऊर, चार फेऱ्या, १९ किलोमीटर. शेवटचा मोठा उतार मुद्दाम तीन आठवडे आधी ठेवला. एकदा नीट उतरून पाय दुखवले की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तेवढ्याच उताराला कमी फाटतो; शरीर जणू लस टोचून घेतं. जूनमधल्या त्या कमोडच्या दिवसानंतर मी हे स्वतःवर बघितलंय. तेव्हा ६६ मीटर तीन वेळा उतरून दोन दिवस लंगडत होतो. आज याच्या कितीतरी पट उतरलो आणि संध्याकाळी मंडईतून भाजी आणली.

पावलं १७४. काका अजून पुढेच.

१५ ऑगस्ट

सोसायटीत झेंडावंदन. नंतर उपमा-चहावर नेहमीची चर्चा : "यंदा नंबर येणार का?" अविनाश साबळे, आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टीचा, २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळला. मिनिटांत नाही, एक तास आणि वर तीस सेकंद. तेवढ्या वेळात मी अजून घाट चढत असेन. हे सांगितल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "मग तुम्ही कशाला जाता भावजी?" एका वर्षात दुसऱ्यांदा हा प्रश्न, आणि अजून उत्तर तयार नाही.

२५ ऑगस्ट

पळणं निम्म्यावर आणलंय. अंगात कारण नसताना किडे वळवळतायत. जिना दिसला की उतरावासा वाटतो. बायको म्हणते, सातारा झाला की एकदा पंखे पुसायला चढ.

योजना कागदावर : वर १ तास २४ मिनिटं, खाली १ तास ६. म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा चढाला आठ मिनिटं हळू. हे लिहायला सोपं आहे.

३१ ऑगस्ट

खोपटहून सकाळची एसटी. खंबाटकी चढताना खिडकीतून उताराकडेच लक्ष. दुपारनंतर साताऱ्यात, बिब (छातीवर लावायचा नंबर) घेतला. रात्री वरण-भात, जरा जास्त भात. कंदी पेढे घेतले, उद्यापर्यंत उघडायचे नाहीत. दोन उघडले.

१ सप्टेंबर

पहाटे भुरभुर, मग थांबली, मग धुकं. सुरुवातीला इतकी गर्दी की पहिला किलोमीटर नुसता वाट काढण्यात गेला. शहरातून जाताना दोन्ही बाजूंना माणसं, शाळेची पोरं लेझीम घेऊन, कोणी ताशा बडवतंय. सातारकर या शर्यतीला घरच्या लग्नासारखे उभे राहतात. अशा वाजपात हळू पळणं म्हणजे वरातीत न नाचणं. तरी घड्याळ बघत राहिलो.

घाट सुरू झाला आणि लोक भराभर पुढे जायला लागले. माझ्यापेक्षा जाड, माझ्यापेक्षा म्हातारे, एक जण तर फोनवर बोलत. पूर्ण वाक्य बोलायचा नियम म्हणून मी शेजारच्या कोल्हापूरच्या दादांशी गप्पा मारल्या. त्यांना दम लागलेला, ते नुसते मान हलवत होते. अर्ध्या घाटात मागे वळून पाहिलं तर खाली सातारा पांढऱ्यात बुडालेला आणि अजिंक्यताऱ्याचा माथा तेवढा वर. एक क्षणच. मग धुकं मिटलं.

वळणावर १:२५. योजनेपेक्षा एक मिनिट उशीर, पण पाय शाबूत. इथवर सगळं छान.

आता लेस. बाजूला होऊन खाली बसलो. लेस पावसाने भिजून फुगलेली, गाठ सुपारीसारखी कडक, आणि बोटं गार. नखांनी ओढतोय, नख वाकतंय. दातांनी सोडवायचा विचारही आला, पण पाय तिथवर येत नाही. शेवटी एक शाळकरी स्वयंसेविका पुढे आली, "काका, थांबा," म्हणाली आणि केसांची पिन गाठीत घालून दोन झटक्यांत सोडवली. दुसऱ्या बुटाची पण. मी फास घातले, तिला थँक्यू म्हणायचं विसरून पळालो, मग दहा पावलांवरून ओरडून म्हणालो. सगळं मिळून दीड मिनिट.

मग उतार. छाती खाली, पावलं लहान, नजर पुढे. आवाज ऐकत होतो : टिप, टिप, टिप. चढताना मला मागे टाकून गेलेले एकेक जण दिसायला लागले, कोणी चालतंय, कोणी पोटरी धरून बसलंय. फोनवाले भेटले, आता फोन खिशात होता. पंधरावा किलोमीटर आला तेव्हा मी मांडीकडे कान लावून होतो, बंद खोलीत गॅसचा वास येतोय का बघावं तसा. काही नाही. सतराव्याला तोच कठडा दिसला. गेल्या वर्षी जिथे हात टेकला होता ती जागा ओळखू आली, निदान मला तसं वाटलं. आजी नव्हत्या. तिथे एक पोरगा बसला होता, विशीतला, मांडी दाबत. त्याला खिशातली मीठ-साखरेची पुडी दिली. पुडी त्याच्या हातात कोंबण्यापुरताच थांबलो.

खाली शहरात सपाटी लागली आणि गंमत म्हणजे तीच जड गेली. पाय उताराच्या लयीत, रस्ता थांबलेला. शेवटचे दोन किलोमीटर कसे आले सांगता येणार नाही.

२:३१:१८. परतीला १ तास ६ मिनिटं १८ सेकंद, त्यात गाठीचं दीड मिनिट. बारा आठवडे मांडीचा विचार केला आणि दगा दिला लेसने.

बायकोला फोन केला. "अडीचच्या आत?" म्हटलं, नाही. "मग एवढा हसतोयस का?"

काकांची वेळ २:०९. लिहायची इच्छा नव्हती, पण नोंद म्हणजे नोंद.

३ सप्टेंबर

दोन्ही मांड्या दुखतात, हात लावला की कळतं. उजवं नख जाग्यावर आहे.

दुपारी त्याच बावीस मजली टॉवरचा कॉल : दार बंद होत नाही. वरच्या मजल्यावर दाराच्या खाचेत कोणाच्या तरी चपलेचा अंगठा तुटून अडकला होता. काढला, दोन वेळा चालवून बघितलं, कार्डावर सही केली. नवीन पोराला लिफ्टने खाली पाठवलं आणि हत्यारांची बॅग घेऊन जिन्याने निघालो. चौदाव्या मजल्यापर्यंत कठड्याला हात लावला नाही. तिथे एका दारातून फोडणीचा वास आला म्हणून जरा थांबलो, मग उरलेले उतरलो.

खाली वॉचमन. "परत लिफ्ट बंद, साहेब?"

संध्याकाळी स्वतःचं कार्ड भरलं. ब्रेक : ठीक. गुडघे : ठीक. लेस : बदलणे.